शेणावरच्या सूक्ष्म बुरश्या कशा ओळखाव्यात?

पावसाळा सुरू झाल्यापासून कोकणातून आमच्याकडे आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयावरची आहेत. शेण, लेंड्या आणि लीद यांवर उगवणाऱ्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या बुरश्यांची नावे कशी ठरवावीत, असा त्यांचा आशय आहे. एका पत्राचे उत्तर दुसऱ्यालाही उपयोगी पडेल असे असल्याने ही पत्रे या अंकात एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : मी राजापूर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. श्रावणात नववीच्या मुलांनी गोठ्यातून गाईचे ताजे शेण आणून काचेच्या बरणीत झाकून खिडकीशी ठेवले. चौथ्या दिवशी सकाळी त्यावर दोन-तीन मिलिमीटर उंचीचे, काचेसारखे पारदर्शक आणि टोकाशी काळा ठिपका असलेले असंख्य तंतू उभे राहिले. दुपारपर्यंत बरणीच्या खिडकीकडच्या काचेवर आतून काळे ठिपके चिकटलेले दिसले. पुढच्या दोन आठवड्यांत हे तंतू नाहीसे झाले आणि त्यांच्या जागी नारिंगी चकत्या व काळे दाणे आले. शाळेत 400 पट मोठे दाखवणारा साधा सूक्ष्मदर्शक आहे. या सर्वांची नावे आम्हांला ठरवता येतील का? — एक विज्ञानशिक्षिका

उत्तर : मुलांनी पाहिलेली पहिली बुरशी पायलोबोलस आहे. सूक्ष्मदर्शकाचा पुरावा नसतानाही हे खात्रीने सांगता येते, कारण आपण पारदर्शक देठ, टोकाशी काळी बीजाणुधानी (बीजाणूंनी भरलेली डबी) आणि तीच बीजाणुधानी उजेडाच्या दिशेने उडून काचेला चिकटणे या तिन्ही खुणा एकत्र नोंदवल्या आहेत, आणि या तिन्ही खुणा एकत्र असणारी दुसरी बुरशी शेणावर आढळत नाही. साध्या हातभिंगातून पाहिल्यास काळ्या ठिपक्याच्या लगेच खाली देठ फुगलेला दिसेल आणि देठाच्या तळाशी, शेणात अर्धवट रुतलेली, पिवळसर-नारिंगी रंगाची दुसरी फुगीर पेशी सापडेल. वरच्या फुग्यात पाण्याचा दाब वाढत जातो आणि शेवटी तो टोकाशी फुटून बीजाणुधानी अखंड उडते. ती उभी दोन मीटरपर्यंत जाऊ शकते. कॅनडातील विनिपेग येथे काम करणारे रेजिनाल्ड बुलर यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दाखवून दिले की हा फुगा भिंगाचेही काम करतो: तो उजेड देठाच्या विशिष्ट भागावर एकवटतो आणि त्या आधाराने देठ आपले तोंड उजेडाकडे वळवतो. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पायलोबोलससह शेणावरच्या काही बुरश्यांचे सेकंदाला अडीच लाखांपर्यंत चित्रे घेणाऱ्या कॅमेऱ्याने चित्रीकरण केले गेले, तेव्हा उड्डाणाच्या क्षणीचे त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या किमान 20,000 पट असल्याचे आढळले.

एवढी शक्ती खर्च होण्यामागचे कारण गोठ्याबाहेरच्या कुरणात पाहायला मिळते. गुरे आपल्याच शेणाच्या पोभोवतीचे गवत खाण्याचे टाळतात, आणि बीजाणू तर पुन्हा गुरांच्या पोटातून गेल्याशिवाय त्यांचे चक्र पुरे होत नाही. म्हणून बीजाणू त्या टाळलेल्या गवतापलीकडे पोहोचवणे या बुरशीला भाग आहे. हे सगळे रोज ठरल्या वेळी घडते. संध्याकाळी टोकाशी बीजाणुधानी आकार घेते, मध्यरात्रीनंतर तिच्याखालचा फुगा भरतो आणि उशिरा सकाळपासून दुपारपर्यंत तो फुटतो. शाळेत हे दाखवायचे असेल तर बरणीला बाहेरून काळा कागद गुंडाळून एका बाजूला बोटाएवढे छिद्र ठेवावे आणि मधल्या सुट्टीनंतर त्या छिद्राभोवती आतून किती काळे ठिपके जमले ते मुलांना मोजायला सांगावे.

पायलोबोलस हे प्रजातीचे, म्हणजे जवळच्या अनेक जातींच्या गटाचे, नाव झाले. 1784 मध्ये बुरश्यांचे अभ्यासक टोडे यांनी ते दिले. जातीपर्यंत पोचण्यासाठी काचेवर चिकटलेली एक बीजाणुधानी ओल्या सुईने उचलून पाण्याच्या थेंबात फोडावी आणि आतले पिवळसर बीजाणू मोजावेत. पायलोबोलस क्रिस्टॅलिनस या जातीचे बीजाणू लंबगोल आणि साधारण 8 ते 10 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लांब असतात, तर पायलोबोलस क्लायनिआय या जातीचे बीजाणू त्याहून स्पष्टपणे मोठे, बहुधा 12 मायक्रॉनच्या वर भरतात. देठाची उंची मात्र विश्वासार्ह खूण नाही. ओलावा, उजेड आणि गर्दी यांवर ती बदलते. अशाच दिसणाऱ्या पायलेरा या बुरशीचा देठ लांब असतो, पण टोकाखाली फुगा नसतो आणि बीजाणुधानी उडत नाही. शेणावर लवकर येणाऱ्या म्युकर या बुरशीच्या बीजाणुधानीची भिंत पाण्यात सहज विरते आणि मागे मधला गोल घुमट तेवढा उरतो; पायलोबोलसची काळी भिंत टिकून राहते.

बुरश्या एकामागोमाग एक येतात, हे आपल्या लक्षात आले आहे आणि त्याचा ओळखीसाठी उपयोग होतो. पहिल्या दोन-तीन दिवसांत म्युकर आणि तिच्या जवळच्या बुरश्या, आठवड्याच्या आत पायलोबोलस, त्यानंतर पिशवीत बीजाणू तयार करणाऱ्या चकत्या व काळे दाणे, आणि सर्वांत शेवटी लहान छत्र्या असा क्रम बहुधा दिसतो. कोकणातल्या पावसाळ्यातील 25 ते 30 अंश सेल्सिअस तापमानात हा क्रम थंड प्रदेशातल्यापेक्षा लवकर उरकतो. सहज उपलब्ध साखर आधी संपते, सेल्युलोज सावकाश आणि लिग्निन सर्वांत शेवटी, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. दुसरे अधिक साधे आहे, ते असे की मोठे फळशरीर (बीजाणू तयार करणारा छत्री, चकती किंवा दाणा असा भाग) बांधायला वेळ जास्त लागतो. मला दोन्हींत तथ्य वाटते. म्हणून कोणत्याही नमुन्यावर शेण आणल्यापासूनचा दिवस लिहिलेला नसेल, तर ओळखीचा अर्धा आधार गेला असे समजावे.

नारिंगी चकत्यांबाबत प्रथम कडेला केस आहेत का ते पाहावे. चकती एक मिलिमीटरहून लहान असून तिच्यावर ताठ, रंगहीन आणि आत आडवे पडदे नसलेले केस असतील तर ती लॅसिओबोलस असण्याचा संभव जास्त आहे. चकती काही मिलिमीटर रुंद असून केस पिवळसर-तपकिरी व आडव्या पडद्यांचे असतील तर कायलिमेनियाचा विचार करावा. केस मुळीच नसतील आणि पिकलेल्या चकतीच्या पृष्ठभागावर बारीक जांभळे-काळे ठिपके उठून दिसत असतील, तर ती ॲस्कोबोलस असू शकते, कारण तिच्या बीजाणूंनी भरलेल्या पिशव्या पिकल्यावर चकतीच्या वर डोके काढतात. असे ठिपके दिसले की चकतीचा टाचणीच्या टोकाएवढा तुकडा काचपट्टीवर हलकेच दाबावा. बीजाणू जांभळे, रेघाळलेले आणि एकमेकांपासून सुटे असतील तर ॲस्कोबोलस. आठही बीजाणू एकाच पुडीत घट्ट बांधलेले असतील तर सॅकोबोलस. शेणावरच्या बुरश्यांत इतका स्वच्छ फरक क्वचितच मिळतो आणि तो 400 पटीत निःसंशय दिसतो. काळ्या दाण्यांविषयी पुढच्या पत्राच्या उत्तरात सविस्तर लिहिले आहे.

बरणी लावण्याच्या पद्धतीत थोडा बदल सुचवतो. कोकणातल्या पावसाळ्यात शेण मुळातच ओले असते. घट्ट झाकलेल्या बरणीत तळाशी पाणी साठते, हवा कमी पडते आणि बुरशीऐवजी जिवाणू माजतात. रुंद तोंडाच्या भांड्यात टिपकागदाचे दोन-तीन थर ओले करून त्यावर शेणाचा तळहाताएवढा तुकडा ठेवावा, झाकण किंचित उघडे ठेवावे, टिपकागद सुकू लागला तरच पाणी शिंपडावे आणि भांड्याला दिवसाचा उजेड मिळेल पण ऊन लागणार नाही अशी जागा द्यावी. माशांच्या अळ्यांनी भरलेले शेण दोन दिवसांत उकरले जाते. ते टाळण्यासाठी अगदी ताजा, सकाळचा पो निवडावा आणि भांडे मलमलीच्या कापडाने बांधावे. शेण हाताळताना हातमोजे वापरावेत. कुत्र्या-मांजरांची विष्ठा आणि उंदरांच्या लेंड्या शाळेत आणू नयेत. कुत्र्या-मांजरांकडून कृमींची आणि उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसची भीती असते.

मोजपट्टी असलेले नेत्रभिंग शाळेत नसेल तरी अंदाजे मोजणी होऊ शकते. 4 पटीच्या वस्तुभिंगाखाली पारदर्शक फूटपट्टी ठेवून क्षेत्राचा व्यास किती मिलिमीटर आहे ते पाहावे. तो 4.5 मिलिमीटर आला तर 40 पटीच्या वस्तुभिंगाखाली तो दशांश म्हणजे 0.45 मिलिमीटर किंवा 450 मायक्रॉन होतो, आणि त्या व्यासात एकापुढे एक बावीस-तेवीस बीजाणू मावतील असे वाटले तर एक बीजाणू सुमारे 20 मायक्रॉनचा आहे. प्रजाती ठरवायला एवढी अचूकता बहुतेक वेळा पुरते. जातीसाठी मात्र काचेवर कोरलेली मोजपट्टी लागेलच. तिच्या एका भागाचे अंतर 0.01 मिलिमीटर म्हणजे 10 मायक्रॉन असते.

प्रश्न : मी मालवण परिसरातील महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. शेळीच्या लेंड्यांवर तीन आठवड्यांनी आलेले काळे दाणे फोडले असता कधी एकपेशीय काळे बीजाणू, कधी शेपटी असलेले, तर कधी तुटक तुकड्यांसारखे दिसणारे बीजाणू मिळतात. त्याच दाण्यातले काही बीजाणू रंगहीन आणि अळीसारखे लांब असतात. लॅक्टोफेनॉल कॉटन ब्लूमध्ये केलेल्या काचपट्ट्यांवरून मार्गदर्शकांनी ओळख निश्चित करण्यास नकार दिला. माझे काय चुकते आहे?

उत्तर : आपल्या मार्गदर्शकांचा नकार योग्य आहे. त्या रंगद्रावणात पहिली काचपट्टी केली की बीजाणूभोवतीचे पारदर्शक चिकट आवरण आणि चिकट शेपट्या दिसेनाशा होतात, आणि काळ्या दाण्यांच्या या गटात नेमक्या त्यांवरच ओळख अवलंबून असते. पहिली काचपट्टी नेहमी साध्या पाण्यात करावी, पिशव्या जिवंत असतानाच पाहावी आणि त्याच वेळी चित्र काढून मापे घ्यावीत. त्यानंतर आच्छादन काचेच्या कडेला काळ्या भारतीय शाईचा पातळ थेंब सोडावा. शाईचे कण आवरणात शिरत नाहीत, त्यामुळे बीजाणूभोवती स्वच्छ पांढरे वलय उमटते. सर्वांत शेवटी, टिकाऊ काचपट्टी हवी म्हणून, लॅक्टोफेनॉल वापरावे. चकत्यांच्या बाबतीत मेल्झरच्या आयोडीन द्रावणातही एक तुकडा पाहावा, कारण ॲस्कोबोलसच्या बहुतेक जातींत पिशवीची भिंत निळी होते आणि लॅसिओबोलसमध्ये होत नाही.

आता तिन्ही प्रकारांकडे वळू. दाणा म्हणजे चंबूच्या आकाराचे फळशरीर असते आणि त्याचे तोंड बहुधा उजेडाकडे वळलेले असते. पिशवीतले आठही बीजाणू एकपेशीय, गडद तपकिरी, शेपटीविना आणि भोवती सलग चिकट आवरण असलेले असतील तर ती सॉर्डारिया आहे. सॉर्डारिया फिमिकोला या जातीत बीजाणूची लांबी 20 मायक्रॉनच्या आसपास असते. अनुवंशशास्त्राच्या प्रात्यक्षिकात हीच जाती वापरतात, कारण काळ्या आणि फिकट बीजाणूंचा संकर केल्यावर पिशवीतल्या आठ बीजाणूंच्या क्रमावरून गुणसूत्रांची अदलाबदल प्रत्यक्ष मोजता येते.

शेपटीचे बीजाणू पोडोस्पोराचे असण्याची शक्यता मोठी आहे आणि आपल्याला दिसलेले रंगहीन, अळीसारखे लांब बीजाणू वेगळ्या बुरशीचे नसून बहुधा याच बीजाणूंची कोवळी अवस्था आहेत. पोडोस्पोरात प्रत्येक बीजाणू आधी लांबट एकपेशीय असतो, मग त्यात आडवा पडदा येतो, वरची पेशी फुगून काळी पडते आणि खालची रंगहीन देठासारखी राहते. या देठाखेरीज दोन्ही टोकांना चिकट शेपट्याही असतात, आणि त्या फक्त पाण्यात किंवा शाईत दिसतात. कोवळे बीजाणू पाहून नाव देऊ नये, हा या गटातला सर्वांत महत्त्वाचा नियम मी मानतो, कारण कोवळ्या अवस्थेत पोडोस्पोरा आणि तिच्या जवळच्या अनेक प्रजाती एकसारख्या दिसतात. पिशवीत किती बीजाणू आहेत हेही मोजावे. पोडोस्पोरा अन्सेरिनात चार असतात, पोडोस्पोरा डेसिपिएन्समध्ये आठ, आणि काही जातींत सोळा किंवा त्याहून अधिक. फळशरीराच्या मानेवर केसांचे जुडगे खवल्यांसारखे चिकटलेले असतील तर शिझोथेशियमकडे जावे. आणि काळ्या पेशीला देठ नसून दोन्ही टोकांना केवळ चिकट शेपट्या असतील तर अर्नियम ही प्रजाती पाहावी.

तुटक तुकड्यांसारखे दिसणारे बीजाणू स्पोरोर्मिएलाचे असावेत. या प्रजातीत प्रत्येक बीजाणू चार किंवा अधिक पेशींचा, तपकिरी असतो आणि पिकल्यावर पेशी सांध्यावर सुटतात, म्हणून काचपट्टीवर सुटे तुकडे मिळतात. प्रत्येक पेशीवर अंकुर बाहेर येण्यासाठी एक फिकट चीर असते; बारीक फोकसने ती शोधावी, कारण तिचा कल सरळ आहे की तिरपा यावर पुढची जाती ठरते. एका बीजाणूत किती पेशी आहेत हे पिशवी फुटण्यापूर्वी मोजायला हवे. पिशवी दुहेरी भिंतीची असते आणि बीजाणू उडताना आतली भिंत बाहेरच्या भिंतीतून लांब होऊन बाहेर येते, म्हणून पाण्यातली काचपट्टी काही मिनिटे टिकून पाहिल्यास ही क्रियाही दिसू शकते. नव्या काळात अनेक अभ्यासक स्पोरोर्मिएलाला प्रेउसियात समाविष्ट करतात. आपण दोन्ही नावे लिहिली तर कोणाचा गोंधळ होणार नाही.

प्रबंधासाठी आपण एकाच लेंडीवरच्या बुरश्यांवर थांबू नये. अनेक लेंड्या वेगवेगळ्या भांड्यांत ठेवून प्रत्येकीवर काय आले याची रोज नोंद ठेवावी. कोकण कन्याळ जातीच्या शेळ्यांच्या लेंड्या आणि त्याच माळावर चरणाऱ्या गाईंचे शेण यांची अशी तुलना करता आली, तर ते मोलाचे काम ठरेल, कारण आहार सारखा आणि जनावर वेगळे अशी स्थिती सहज मिळत नाही.

प्रश्न : आमची दापोली तालुक्यात चार गुरे आणि भातशेती आहे. गोठ्याजवळच्या शेणखताच्या खड्ड्यावर पांढरी कापसासारखी बुरशी आणि पहाटे उगवून दुपारी काळ्या शाईसारख्या वितळणाऱ्या छत्र्या येतात. हीच काळी बुरशी माणसांना होते का? गुरांना धोका आहे का? छत्र्या खाता येतात का? आणि आम्ही कवळ (झाडांचा तोडलेला पाला-फांद्या) व शेण पसरून भाजावळ (रोपांसाठी जमीन भाजणे) करतो, त्यात या बुरश्या मरतात का? — एक शेतकरी

उत्तर : छत्र्या खाऊ नयेत. शेणावरच्या छत्र्यांपैकी काहींत मेंदूवर परिणाम करणारी द्रव्ये असतात आणि त्या बाहेरून ओळखणे जाणकारालाही अवघड जाते. दुपारी वितळणाऱ्या छत्र्या पूर्वी कॉप्रिनस या एकाच नावाखाली येत. 2001 मध्ये त्यांची कॉप्रिनॉप्सिस, कॉप्रिनेलस आणि इतर प्रजातींत विभागणी झाली.

2021 मध्ये करोनाच्या साथीत काळी बुरशी म्हणून जो आजार माहीत झाला, तो भारतात प्रामुख्याने रायझोपस या बुरशीच्या एका जातीमुळे होतो. खड्ड्यावरच्या पांढऱ्या कापसात म्युकरच्या गटातील बुरश्या असू शकतात, तरी त्यांचे बीजाणू मातीत, हवेत आणि शिळ्या भाकरीवरही असतातच. निरोगी माणसाला त्यांच्यापासून सहसा धोका नसतो. घरात कोणाचा मधुमेह नियंत्रणात नसेल किंवा कोणी स्टेरॉइड घेत असेल, तर त्या व्यक्तीने खड्डा उकरण्याचे व वाळलेले खत पसरण्याचे काम करू नये. इतरांनीही ते करताना नाकातोंडाला कापड बांधावे.

गुरांच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. गुरांच्या फुप्फुसात राहणाऱ्या डिक्टिओकॉलस या कृमीच्या अळ्या शेणात बाहेर पडतात आणि पायलोबोलसच्या देठावर चढून तिच्या बीजाणुधानीबरोबर गवतावर उडतात, म्हणजे बुरशी स्वतः निरुपद्रवी असूनही कृमीचे वाहन होते. वासराचा खोकला हटत नसेल तर पशुवैद्यकाकडून शेणाची तपासणी करून घ्यावी.

भाजावळीत वरच्या थरातील बीजाणू जळतात, पण माती उष्णता सावकाश खाली नेते म्हणून काही बोटे खालचे बरेच बीजाणू वाचतात. तरव्याला म्हणजे भाताच्या रोपांना शेणावरच्या या बुरश्यांपासून रोग होत नाही, त्यामुळे त्यांच्यासाठी म्हणून भाजण्याची गरज नाही. उलट जळलेली जमीन स्वतःच काही बुरश्यांना बोलावते: पायरोनेमाची नारिंगी चादर आणि ॲस्कोबोलस कार्बोनेरियस ही जाती जळलेल्या जागीच उगवते. राख थंड होऊन पहिल्या सरी पडल्यावर भाजलेल्या वाफ्यावर त्या शोधाव्यात.

प्रश्न : आम्ही सावंतवाडी-दोडामार्ग भागात पक्षी व फुलपाखरांच्या नोंदी ठेवतो. जंगलाच्या कडेला गव्याचे शेण, भेकर-सांबरांच्या लेंड्या आणि हत्तींची लीद दिसते. प्रत्येक प्राण्याच्या विष्ठेवर वेगळी बुरशी असते का, आणि नमुने कसे जपावेत? — निसर्गप्रेमी गटाच्या वतीने

उत्तर : काही बुरश्या विशिष्ट प्राण्यांच्या विष्ठेवर अधिक आढळतात, पण पायलोबोलस, सॉर्डारिया, स्पोरोर्मिएला यांसारख्या प्रजाती बहुतेक तृणभक्षी प्राण्यांच्या विष्ठेवर मिळतात. बीजाणू गवताबरोबर पोटात जातात, पचनमार्गातील ऊब आणि रस यांनी त्यांची झोप मोडते, आणि बाहेर पडल्यावर ते रुजतात. म्हणून प्राण्याने कुठे आणि काय खाल्ले यालाही प्राण्याच्या जातीइतकेच महत्त्व आहे. याच कारणाने स्पोरोर्मिएलाचे बीजाणू तळ्याच्या गाळात सापडले की तिथे पूर्वी मोठे तृणभक्षी वावरत होते, असा अर्थ काढला जातो. अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील एका तळ्याच्या गाळात हे बीजाणू सुमारे 14,800 ते 13,700 वर्षांपूर्वीच्या काळात झपाट्याने कमी झालेले आढळले आणि त्यावरून तिथले प्रचंड प्राणी तेव्हाच घटू लागले होते, असा निष्कर्ष 2009 मध्ये मांडला गेला. कोकणातल्या तळ्यांच्या आणि खाजणांच्या गाळात असा शोध कोणी हाती घेतला तर त्यासाठी आजच्या गव्याच्या आणि गाईच्या शेणावरच्या बुरश्यांची विश्वासार्ह नोंद आधी हाताशी लागेल. आपल्यासारख्या गटाने हे काम करावे असे मला मनापासून वाटते.

वनक्षेत्रातून काहीही उचलण्यापूर्वी वनविभागाची लेखी परवानगी घ्यावी. हत्तींचा वावर असलेल्या वाटेवर ताज्या लिदीपाशी थांबू नये. डिसेंबरपासून मे महिन्यापर्यंत या भागात माकडतापाची भीती असते आणि तो गोचिडांमार्फत पसरतो, म्हणून पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत आणि परतल्यावर अंग तपासावे. वटवाघळांच्या विष्ठेचे ढीग उकरू नयेत. त्यात फुप्फुसाचा आजार करणारी हिस्टोप्लाझ्मा ही बुरशी असू शकते.

नमुना सावलीत, पंख्याखाली कागदावर पूर्ण वाळवावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओला नमुना एका रात्रीत खराब होतो. वाळलेला नमुना कागदी पाकिटात ठेवल्यास वर्षानुवर्षे टिकतो आणि नंतर ओला केला तरी त्यावर बुरश्या उगवतात. म्हणून पावसाळ्यात जमवून हिवाळ्यात सवडीने अभ्यास करता येतो. पायलोबोलस आणि म्युकर मात्र ताज्या नमुन्यावरच पाहावेत, कारण वाळवल्यावर त्या कमी मिळतात. पाकिटावर प्राणी, गाव, जागेचा प्रकार म्हणजे कातळसडा (उघडे खडकाळ पठार), काजूची बाग की दाट जंगल, शेण किती ताजे होते आणि उचलल्याची तारीख लिहावी. प्राण्याची खात्री नसेल तर तसेच लिहावे, कारण गवा आणि माळावर सोडलेली म्हैस यांच्या शेणात गल्लत सहज होते.

भांड्यात पांढऱ्या बारीक देठावर पाण्याच्या थेंबासारखे डोके दिसले तर ते म्युकर समजू नये. ती डिक्टिओस्टीलियम असू शकते; ती बुरशी नसून अमीबांच्या एकत्र येण्यातून बनते आणि तिच्या देठात कवकतंतू नसतात. तसेच नारिंगी-पिवळे बारीक मणी मिक्सोबॅक्टेरियाचे असू शकतात; ते फोडल्यावर बीजाणूंऐवजी जिवाणूंचे पुंजके दिसतात.

ओळख पक्की वाटली की वाळलेला नमुना, पाण्यात काढलेली चित्रे आणि मापे एकत्र ठेवावीत. पुण्यातील आघारकर संशोधन संस्थेत आजरेकर कवक संग्रहालय आणि राष्ट्रीय कवक संवर्धन संग्रह आहे. तिथे आधी पत्र लिहून विचारणा करावी आणि त्यांनी सांगितल्याप्रमाणे नमुने पाठवावेत. पाकिटावरची माहिती अपुरी असेल तर नमुना चांगला असूनही त्याचा उपयोग होत नाही.